खुणेचा दगड आमच्याच शेतात का?

एका वाचकाचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, त्यातला गाभा देते:

"आईच्या नावावर आमचं पावणेचार एकर शेत आहे. भाऊ ते कसतो, मी नोकरीमुळे शहरात. मागच्या महिन्यात काही माणसं दुर्बीण लावून मोजणी करून गेली आणि विहिरीच्या वरच्या अंगाला खुणेचा दगड रोवून गेली. विचारलं तर म्हणाली, चारशे केव्हीची लाइन आहे, सोलरची वीज न्यायची आहे. शेताच्या वर देवराई आहे, तिच्यातून ओढा येतो. लाइन तिच्या कडेने जाणार असं दिसतं. चुलतभाऊ म्हणतो, पर्यावरणाची केस टाका, लगेच स्टे मिळतो, दहा वर्षं काम अडतं. शेजाऱ्यांनी मात्र टॉवरचे पैसे ठरवून सही करून टाकली. आम्ही काय करावं? भावाला विहिरीजवळ घर बांधायचं होतं. आणि खरं सांगू का, सोलरच्या विजेला विरोध करताना मलाच अपराधी वाटतं. शेवटचं म्हणजे, सरळ येणारी लाइन नेमकी आमच्या शेताकडे वाकली आहे. हे का?"

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्याच्या पोटात आहेत.

तार सरळ नेली तर स्वस्त पडते. जिथे ती वळते तिथे साधा टॉवर चालत नाही, दोन्हीकडचा ताण पेलणारा, जास्त लोखंडाचा आणि भक्कम पायाचा टॉवर लागतो. त्यामुळे हौसेने कुणी वळण घेत नाही. गावाचा नकाशा उलगडा, वळणाच्या आधीची रेघ पट्टीने तशीच पुढे वाढवा आणि ती कशावर जाते ते बघा. कधी गावठाण निघतं, कधी तलाव. कुणा वजनदार माणसाचा प्लॉटही निघतो, नाही असं नाही. पण डोंगराच्या पायथ्याशी बहुतेक वेळा तिथे वनखात्याची जमीन असते.

वनजमिनीवरून तार न्यायची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याच्या कलम २ खाली केंद्र सरकारची मंजुरी लागते. प्रस्ताव परिवेश या मंजुऱ्यांसाठीच्या सरकारी पोर्टलवर टाकायचा, तिथून जायला दुसरा मार्ग का नाही ते लिहून द्यायचं, उपवनसंरक्षकांची पाहणी होऊ द्यायची, जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे जाणाऱ्या जंगलाची सरकारने ठरवलेली किंमत, भरायचं, पर्यायी वनीकरणाचा खर्च भरायचा. यात महिनेच्या महिने जातात. अभयारण्य आलं तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढे जावं लागतं. आणि खाजगी शेतावरून न्यायची असेल तर? यातलं काहीही नाही. कायद्याने जंगल महाग केलं, शेत स्वस्त राहिलं, आणि तार स्वस्ताकडे वळली. थोडक्यात, ज्या पर्यावरण कायद्याचा आधार तुम्ही शोधताय त्याच्यामुळेच तो दगड तुमच्या विहिरीपाशी आला असण्याची शक्यता बरीच आहे.

हे तुम्हाला टोचेल, पण इथूनच विचार सुरू करायला हवा. जंगल टाळा हा आग्रह मला चुकीचा वाटत नाही. चूक आहे ती ही, की जंगलासाठी विचारले जाणारे प्रश्न शेतासाठी कुणी विचारतच नाही.

आता चुलतभावाचा सल्ला. पर्यावरणाची केस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जनसुनावणी येते: मांडव, माइक, अधिकारी, घोषणा. ती सुनावणी येते १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेतून. त्या अधिसूचनेच्या परिशिष्टात खाणी आहेत, औष्णिक आणि जलविद्युत प्रकल्प आहेत, महामार्ग, बंदरं, विमानतळ आहेत. वीज वाहून नेणाऱ्या पारेषण वाहिन्या नाहीत. वीज तयार करणाऱ्या औष्णिक केंद्राला पर्यावरण मंजुरी लागते, तीच वीज शेकडो किलोमीटर नेणाऱ्या तारेला लागत नाही. म्हणून तुमच्या गावात जनसुनावणी झाली नाही आणि होणारही नाही. "सुनावणी न घेता काम सुरू केलं" हा मुद्दा घेऊन कोर्टात गेलात तर पहिल्याच तारखेला हात हलवत परत याल.

राष्ट्रीय हरित लवादाचंही तसंच. आपल्यासाठी त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. पण २०१० च्या कायद्याने लवादाला ठरावीक सातच कायद्यांखालचे वाद दिले आहेत. त्यात पाणी, हवा, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता हे कायदे येतात. विजेचा कायदा त्यात नाही, वन्यजीव कायदा नाही, वनहक्क कायदाही नाही. "आमच्या विहिरीवरून तार नको" हे लवाद ऐकणार नाही. "वनजमिनीवर मंजुरीशिवाय झाडं तोडली" हे ऐकेल, तेही वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत आलात तर. उशिराचं पटण्यासारखं कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळू शकतात. दहा वर्षं काम अडवण्याच्या गप्पा मारणाऱ्याला या सहा महिन्यांबद्दल विचारून बघा.

आणि दिवाणी कोर्टातला स्टे? २०१८ मध्ये विशिष्ट साहाय्य कायद्यात दुरुस्ती झाली. पायाभूत प्रकल्पाच्या कामात अडथळा किंवा उशीर होईल असा मनाई हुकूम देऊ नये, असं त्यात आता स्पष्ट लिहिलं आहे आणि पायाभूत प्रकल्पांच्या यादीत वीज पारेषण आहे. उच्च न्यायालयात रिट करता येते, तो दरवाजा बंद होत नाही. पण तिथे आत जायला प्रक्रियेतली ठोस चूक लागते. नुसता अन्याय झाला असं वाटून भागत नाही.

मग कंपनीला तुमच्या शेतात शिरण्याचा अधिकार मिळतो कुठून? गंमत म्हणजे तारखात्याच्या कायद्यातून. वीज कायदा, २००३ चं कलम ६८ उघड्यावरून जाणाऱ्या तारेला सरकारची पूर्वमंजुरी मागतं. कलम १६४ सरकारला अशी मुभा देतं की १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात तारखात्याला जे अधिकार होते ते वीज वाहिनी टाकणाऱ्याला द्यावेत. तारा पाठवणं बंद झालं, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो जुना कायदाही मोडीत काढला, पण वीज वाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग जिवंत ठेवला. इंग्रजांनी खांब रोवायला केलेली कलमं आज चारशे केव्हीचा टॉवर उभा करतात.

इथे एक कागद तपासायचा आहे आणि बहुतेक लोक तो तपासत नाहीत. कलम १६४ चा आदेश या वाहिनीसाठी खरोखर निघाला आहे का? निघाला असेल तर मालकाची संमती लागत नाही. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्सटाइल्स या निकालात ते स्वच्छ सांगितलं आहे. निघाला नसेल तर २००६ चे परवानाधारकांच्या कामांचे नियम लागू होतात. त्यांत जमीनमालकाची आधी संमती घ्यायची असते आणि मालकाने हरकत घेतली तर जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचीच, लेखी परवानगी आणायची असते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोजणीला आलेल्या माणसाला हा फरक माहीत नसतो, किंवा माहीत असून तो सांगत नाही. तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: कलम ६८ ची मंजुरी, कलम १६४ चा आदेश, तो जिथे छापला ते राजपत्र, आणि वर्तमानपत्रातली जाहीर सूचना. त्या सूचनेत गावांची नावं असतात आणि हरकत कुठे, किती दिवसांत द्यायची तेही असतं. मुदत गेली असली तरी हरकत द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्या. पुढे हीच पोच कामी येते.

दगड उपटू नका. भावालाही बजावून सांगा. तुम्ही अडवलंत तर कंपनी टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाते, ते परवानगी देतात, आणि त्यानंतरही अडवलं तर तो गुन्हा ठरतो. पण त्याच पायरीवर तुम्हाला म्हणणं मांडायची जागा मिळते, आणि माझ्या मते मार्ग बदलून घेण्याची खरी संधी तीच. "आम्हाला लाइन नको" म्हणू नका, कारण तो अधिकार तुम्हाला नाही. त्याच टेलिग्राफ कायद्याच्या कलम १० मध्ये एक जुनं वाक्य आहे: काम करताना शक्य तितकं कमी नुकसान करायचं आणि पूर्ण भरपाई द्यायची. त्यातला "शक्य तितकं कमी" हा भाग धरा. टॉवर चाळीस मीटर बांधाकडे सरकवला तर विहीर तारेखालच्या पट्ट्याबाहेर जाते का? तसा नकाशा काढून द्या. गावातल्या मोजणीदाराकडून किंवा ओळखीच्या इंजिनिअरकडून काढून घ्या. दोन टॉवरांतला सरळ गाळा तसाच ठेवून एक पाय थोडा हलवणं कधी कधी जमतं. वळणच हलवायचं म्हटलं की शेजारच्या गटांचाही प्रश्न येतो. पायाचं खोदकाम व्हायच्या आधी हे बोललात तर कंपनीचा इंजिनिअर ऐकतो, कारण त्याचं जातं फक्त कागदावरचं काम. काँक्रीट पडलं की तोच माणूस तुमचा फोन घेत नाही.

आता देवराई. तुमच्या पत्रातली ही ओळ मला सगळ्यात मोलाची वाटली आणि तुम्ही ती जाता जाता लिहून गेलात.

आधी तिचा सातबारा काढा. देवस्थानची आहे, गावची, सरकारी पड, की इतर हक्कांत वनाची नोंद आहे? वनखात्याच्या नावावर नसली तरी निराश होऊ नका. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वन म्हणजे शब्दकोशात ज्याला वन म्हणतात ते, मालकी कुणाचीही असो. वनसंवर्धन कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने हा अर्थ आकसला जाईल अशी भीती होती. त्यावर १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने राज्यांना जुनाच अर्थ धरून चालायला सांगितलं. शिवाय १८ डिसेंबर २०२४ ला राजस्थानातल्या ओरणांबद्दल, म्हणजे तिकडच्या देवरायांबद्दल, निकाल देताना न्यायालयाने त्यांची पाहणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं आणि देशभरच्या देवरायांसाठी धोरण आखण्याची सूचना केंद्राला केली. तुमची देवराई आपोआप वन झाली असा याचा अर्थ नाही. पण "ही जमीन वन आहे की नाही ते आधी ठरवा" असं उपवनसंरक्षकांना लेखी विचारायला तुम्हाला भक्कम आधार मिळाला.

त्या अर्जात भक्ती कमी आणि मोजमाप जास्त लिहा. क्षेत्र किती, झाडं कोणती, अंदाजे किती, घेर किती, ओढा बारमाही आहे की हंगामी, तारेच्या मधल्या रेषेपासून देवराईची कड किती मीटरवर. चारशे केव्हीच्या वाहिनीला ४६ मीटर रुंदीचा पट्टा लागतो, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना २३ मीटर. देवराईची कड या २३ मीटरांत येत असेल तर तुमचा मुद्दा खरा आहे. पन्नास मीटर लांब असेल तर नाही, मग कितीही जुनी असो.

ग्रामसभेचा ठराव जरूर करा, फक्त त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. रस्ते, कालवे, वीज वाहिन्या असल्या रेषेसारख्या प्रकल्पांना वनजमिनीसाठी ग्रामसभेची संमती घेण्यातून केंद्राने ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्राने सूट दिली, अतिअसुरक्षित आदिम समूहांचे हक्क बाधित होत असतील तेवढं वगळून. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरात ग्रामसभांनी खाण थांबवली ते त्याच वर्षी. ते उदाहरण लोक मला नेहमी देतात. खाण आणि तार यांना कायदा एका मापाने मोजत नाही.

देवराईबद्दल एक गोष्ट मात्र स्वतःला विचाराच. समजा तुमचा अर्ज मान्य झाला आणि तार देवराईपासून लांब न्यायची ठरली. ती कुठे जाईल? देवराईच्या खालीच तुमचं शेत आहे. कदाचित आणखी तुमच्याच विहिरीकडे सरकेल, नाहीतर शेजाऱ्याच्या घराकडे. देवराईसाठी भांडायचं असेल तर देवराईसाठीच भांडा; तिला शेताची ढाल करू नका. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कालवल्या की अधिकारी ओळखतो आणि दोन्ही मुद्दे बाजूला पडतात. वनखात्याला देवराईचा अर्ज, जिल्हाधिकाऱ्यांना शेताचा.

पैशांकडे वळू. शेजाऱ्यांनी "टॉवरचे पैसे" ठरवले असं तुम्ही लिहिलंय आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण मोठी रक्कम टॉवरची नसते, तारेखालच्या पट्ट्याची असते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या २०० टक्के द्यायचे आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के. याआधीच्या, म्हणजे २०१५ च्या, सूचनांत हेच ८५ आणि १५ टक्के होते. पायाचं क्षेत्र मोजताना चार पायांमधली जागा आणि प्रत्येक बाजूला एक मीटर जास्त धरायचं.

आकडे मांडून बघू. समजा तार तुमच्या शेतावरून १२० मीटर जाते. १२० गुणिले ४६, म्हणजे ५,५२० चौरस मीटर, साधारण साडेचौपन्न गुंठे. पावणेचार एकरांतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग पट्ट्यात गेला. गुंठ्याचा दर समजा ५०,००० रुपये धरला, तर पट्ट्याची किंमत सव्वासत्तावीस लाखांच्या आसपास आणि तिचे ३० टक्के म्हणजे सव्वाआठ लाखांच्या जवळ. आता टॉवर: पाय दहा बाय दहाचे धरले, एकेक मीटर वाढवून बारा बाय बारा, १४४ चौरस मीटर, दीड गुंठ्याला थोडं कमी. दुप्पट दराने झाले एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. एजंट या दीड लाखावरच घासाघीस करत बसतो आणि आठ लाखांबद्दल कुणी बोलतच नाही. ज्याच्या शेतात टॉवर नाही, नुसती तार वरून जाते, त्याला तर आपल्याला काही मिळायचं आहे हेच माहीत नसतं.

केंद्राच्या या सूचना आहेत. राज्य सरकार स्वतःचा शासन निर्णय काढतं, आणि वाहिनी राज्यांतर्गत आहे की आंतरराज्य यावरही लागू काय होतं ते ठरतं. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी मागा: या वाहिनीला कोणता निर्णय लागू आहे, जमिनीचा दर कुणी आणि कशावरून ठरवला, रेडी रेकनर की अलीकडचे खरेदीव्यवहार. पिकांची आणि झाडांची भरपाई यात येत नाही, ती वेगळी. पाया खोदताना, टॉवर उभारताना आणि तार ओढताना, तिन्ही वेळा माणसं आणि यंत्रं शेतातून जातात. तिन्ही वेळा पंचनामा झाला पाहिजे. जमीन विकली जात नाही हेही आईंना सांगा. सातबारा त्यांच्याच नावावर राहतो, कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क.

सही करावी की नाही? कागद वाचल्याशिवाय नाही. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं, टॉवर उभा राहून वर्ष झालेलं. छापील संमतीपत्रावर आजोबांचा अंगठा घेतला होता आणि खाली बारीक अक्षरांत होतं: भरपाई पूर्ण व अंतिम मिळाली, यापुढे तक्रार नाही. पट्ट्याचा एक रुपया मिळालेला नव्हता. ती ओळ नसती तर ते प्रकरण सोपं होतं. तुमच्यापुढे असा कागद आला तर ती ओळ खोडायला लावा. खोडत नसतील तर पैसे घेताना "जास्त भरपाईचा हक्क राखून" असं स्वतःच्या अक्षरात लिहून मग सही करा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

रक्कम अपुरी वाटली तर टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६ च्या तिसऱ्या उपकलमाखाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. याला तीन वर्षांची मुदत आहे. चुलतभावाची तडफ इथे वापरा. २००७ च्या लिविशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरपाई एकाच साच्यात काढता येत नाही. जमीन कुठे आहे, तार तिच्या कडेने जाते की मधोमध चिरते, तुकडा लहान आहे का, हे सगळं बघायचं. तुमचा तुकडा लहान आहे, तार मधून जाते आणि विहीर पट्ट्यात येते. वाहत्या तारांखाली बोअरची गाडी मान वर काढू शकत नाही, त्यामुळे उद्या विहिरीचं पाणी आटलं तर तिथे बोअर घेता येणार नाही. हे नुकसान कुठल्याही टक्केवारीत बसत नाही, म्हणून ते शब्दांत मांडून मागावं लागतं. भावाच्या घराचंही तसंच. पट्ट्यात घर बांधता येणार नाही, हे आजच मनात धरा. आराखडा, कर्जाची चौकशी, ग्रामपंचायतीचा दाखला, जे काही आधीपासूनचं असेल ते फाइलला लावा. टेलिग्राफ कायद्याच्या कलम १७ खाली, जमिनीचा वेगळा उपयोग करायचा असेल तर तार हलवण्याची मागणी मालक करू शकतो. भरपाई घेतलेली असेल तर हलवण्याचा खर्च किंवा भरपाईची निम्मी रक्कम, जी कमी असेल ती, त्याने द्यायची. कंपनीने ऐकलं नाही तर जिल्हादंडाधिकारी ठरवतात, आणि ते नाहीही म्हणू शकतात. चारशे केव्हीच्या वाहिनीसाठी हो म्हणतील या भरवशावर घराचा पाया खणू नका.

तार जमिनीखालून का नेत नाहीत, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण गावातलं कुणीतरी विचारेलच. काही ठिकाणी नेतात. मुंबईसाठीच्या कुडूस ते आरे या एकदिश प्रवाहाच्या (डीसी) वाहिनीचा मोठा भाग जमिनीखालून आहे, केरळात त्रिशूरकडे जाणाऱ्या पुगलूर वाहिनीचाही काही भाग तसा आहे. माळढोक पक्ष्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितल्या होत्या. २१ मार्च २०२४ ला स्वतःच तो आदेश सैल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. अतिउच्चदाबाची प्रत्यावर्ती (एसी) वीज केबलमधून लांबवर नेताना केबलच बराचसा प्रवाह खाते, सांधे वाढतात, खर्च कितीतरी पट होतो. आणि शेतकऱ्याला त्याचा फायदाही वाटतो तेवढा नाही, कारण सबंध लांबीभर चर खणला जातो आणि त्यावर खोल मुळांचं झाड लावता येत नाही.

माळढोकाच्या त्या २०२४ च्या निकालातच तुमच्या अपराधीपणाला थोडी जागा आहे. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मधून निघतो असं न्यायालयाने त्यात म्हटलं, आणि त्याच निकालात पक्ष्याचं रक्षण आणि सौर वीज यांचा तोल बघितला. तिथेही पर्यावरणच पर्यावरणासमोर उभं होतं. सूर्याची वीज चांगली म्हणून तुमच्या आईने तिचा भार फुकट वाहावा असं त्यात कुठेही नाही. योग्य जागी टॉवर आणि पुरे पैसे मागणं हा सोलरला विरोध नव्हे, आणि असं मागणाऱ्याला कुणी विकासविरोधी म्हणालं तर त्याच्या शेताचा गट नंबर विचारा.

तारेखाली राहण्याबद्दल गावात कर्करोगाच्या गोष्टी पसरतील, म्हणून तीनच वाक्यं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा चुंबकीय क्षेत्रांना "कदाचित कर्करोगकारक" या गटात टाकलं, तेही मुख्यतः लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाबद्दलच्या मर्यादित पुराव्यावर. पुढे कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने उतरतं, म्हणून घर पट्ट्याबाहेर, जमेल तितकं लांब असलेलं बरं.

मला त्याहून जास्त भीती ॲल्युमिनियमच्या पाइपाची वाटते. चारशे केव्हीच्या तारेची जमिनीपासून किमान उंची पावणेनऊ मीटरांच्या थोडी वर असते, तीही तार सगळ्यात जास्त लोंबते तिथली. तुषार सिंचनाचा सहा मीटरचा पाइप माती झाडायला माणसाने उभा उचलला की त्याचं टोक आठ मीटरांपर्यंत जातं. एवढ्या दाबाची वीज तारेला टेकायची वाट बघत नाही, मधल्या हवेतून उडी मारते. तार सुरू झाली की पट्ट्यात पाइप आडवाच न्यायचा, हे भावाला आणि शेतावर येणाऱ्या प्रत्येक मजुराला सांगा. पट्ट्यातल्या लोखंडी कुंपणाला आणि पत्र्याच्या शेडला कंपनीकडून अर्थिंग करून घ्या आणि ते काम संमतीपत्रात लिहून घ्या.

या आठवड्यात एवढं करा. टेप घेऊन दगडापासून विहिरीच्या काठापर्यंतचं, आणि दगडापासून देवराईच्या पहिल्या झाडापर्यंतचं अंतर मोजा. दोघा शेजाऱ्यांसमोर मोजा, तारीख घाला, त्यांच्या सह्या घ्या. दगड आणि विहीर एकाच चौकटीत येतील असा फोटो काढा. दगड रात्रीतून सरकतात, मी पाहिलं आहे.